किल्लीचा चार्ज

मुलींना ताप आला तेव्हा पहिले दोन दिवस बायकोने रजा काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पदर खोचला, पर्स उचलली आणि मला म्हणाली, "आज माझी वर्गावर देखरेख आहे. मी नसले तर सगळी पोरं एकाच पेपरात डोकी घालतील. आज तुमची पाळी." यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी जेमतेम अर्धा तासच वाद घातला.

माझी नोकरी इतरांसारखी असती तर मी वादही घातला नसता. कुणी कारकून रजेवर गेला तर त्याच्या टेबलावर धूळ बसते, एवढंच. मी मात्र शहर कचेरीच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाचा निरीक्षक आहे. लोक मला 'किल्लीवाले' म्हणतात, तो त्यांच्या संस्कारांचा प्रश्न आहे. कचेरी उघडते माझ्या टोल्याला, शाळा सुटते माझ्या टोल्याला, परीक्षेचा पेपर हातातून काढून घेतला जातो तोही माझ्याच टोल्याला. मनगटावर घड्याळं सगळ्यांच्या आहेत, पण नियमात शब्द आहे तो 'टोला'. घड्याळ म्हातारं आहे. त्याला रोज दुपारी बाराला किल्ली द्यावी लागते, आणि एक दिवस चुकलं तर ते चार वाजायच्या आत मान टाकतं. इतकी वर्षं मी ते चुकू दिलं नव्हतं. आमच्या घरात मात्र एकही घड्याळ नाही. मुलींच्या खोलीच्या खिडकीतून चार छपरांपलीकडे मनोरा समोरच दिसतो, तेव्हा आणखी घड्याळ घेणं मला स्वतःचाच अपमान वाटायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा हौसेने विकत घेतलेला असतो.

समोरच्या काकूंना दुपारपर्यंत मुलींजवळ बसवून मी कचेरीत गेलो आणि रजेचा अर्ज हेडक्लार्कसमोर ठेवला. आमचे हेडक्लार्क नियमांचे इतके पक्के आहेत की शिंक आली तरी आधी ती कोणत्या कलमात बसते ते पाहतील. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"आजारी कोण आहे?"

"मुली."

"मुली आमच्या नोकरीत नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही स्वतः आजारी असाल तर रजा आहे. तुम्ही वारलात तर त्याचीही तरतूद आहे. मुलींच्या तापाची पुरुष कर्मचाऱ्याला नाही."

मी म्हटलं, धाकटीने दोन रात्री डोळ्याला डोळा लावलेला नाही. डॉक्टर म्हणतात, एकदा गाढ झोप लागली की घाम येईल आणि ताप उतरेल. झोप लागली तर काही झालं तरी मोडू नका, नाहीतर उद्या दवाखान्यात ठेवावं लागेल. हेडक्लार्कनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांच्या बाबतीत ही सहानुभूतीची परिसीमा समजायची.

"बारापासून चारच्या टोल्यापर्यंत सोडतो," ते म्हणाले. "चारचा टोला पडला की इथे हजर. पण त्याआधी किल्लीचा चार्ज द्यायला हवा."

इथे घोडं अडलं. आमची किल्ली पितळेची, वीतभर लांब, आणि जगात एकच. दुसरी करून घ्यावी असा अर्ज माझ्या आधीच्या निरीक्षकांनी केला होता. ते निवृत्त झाले, अर्ज अजून नोकरीत आहे. ही किल्ली टेबलावर ठेवायची नाही, खुंटीला अडकवायची नाही. देणाऱ्याने ती जागेपणी, राजीखुशीने, घेणाऱ्याच्या हातात द्यायची, की झाला चार्ज. 'जागेपणी' हा शब्द नियमात मागाहून घातला. त्या आधीच्या निरीक्षकांना दुपारी डुलकी लागत असे. एकदा कुणीतरी त्यांच्या हातातून किल्ली अलगद काढून घेतली, घड्याळ तासभर पुढे केलं आणि अख्खी कचेरी तासभर आधी घरी गेली. एका माणसाची डुलकी अशी कायद्यात अमर झाली.

"मग चार्ज तुम्हीच घ्या ना," मी म्हटलं.

"साहेबांच्या हुकुमाशिवाय मला घेता येत नाही. आणि साहेब बैठकीत आहेत."

साहेबांची बैठक संपायची वाट पाहत मी व्हरांड्यात उभा राहिलो. पावणेबाराच्या सुमाराला काकूंचा निरोप आला की धाकटीचा ताप चढलाय आणि ती सारखी बाबा बाबा करतेय. पुढचं मला नीट आठवत नाही. मी जिना उतरलो, रस्ता ओलांडला, मंडईच्या मागच्या गल्लीतून पळत घरी आलो. घड्याळाला किल्ली द्यायची राहिली आणि किल्ली माझ्या कोटाच्या खिशात राहिली.

घरी आल्यावर सल्ल्यांना सुरुवात झाली. काकूंचं मत, पोरीला पांघरुणात गुंडाळा. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आले. यांना आम्ही घरात 'अनुभवी' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" इथून सुरू होतं. त्यांच्या अनुभवात पांघरूण हेच तापाचं मूळ होतं. दोघांनी मिळून धाकटीवर तीनदा पांघरूण घातलं आणि तीनदा काढलं. शेवटी थोरली, जिचा ताप कालच उतरला होता आणि आता जिला दुसऱ्याच्या आजारात रस वाटू लागला होता, ती म्हणाली, "तुम्ही दोघं बाहेर जाऊन ठरवा ना." मी तिला दटावलं, पण मनापासून नाही. ते दोघं खरोखरच बाहेर गेले आणि जिन्यात बराच वेळ ठरवत राहिले.

खोलीत आम्ही तिघं उरलो. धाकटीचं कपाळ तव्यासारखं तापलं होतं. पाण्याची पट्टी ठेवली की मिनिटात कोमट व्हायची. गार काहीतरी हवं म्हणून मी खिशात हात घातला तर किल्ली लागली. मनोऱ्याच्या वाऱ्यात वर्षानुवर्षं राहिलेलं ते पितळ थंडगार होतं. मी ती तिच्या कपाळाला लावली. तिने डोळे उघडले, किल्ली दोन्ही हातांत घेतली आणि गालाशी धरली.

"ही घड्याळाची आहे?"

"हो. तुझा ताप उतरेपर्यंत तू सांभाळ."

"तू कधी जाणार?"

"चारचे टोले पडले की," थोरलीने परस्पर सांगून टाकलं. हिच्या पोटात काही राहत नाही.

धाकटीने किल्ली आणखी जवळ ओढली. मग म्हणाली, "बाबा, चार वाजू देऊ नको हं."

"नाही वाजू देणार," मी म्हटलं. आजारी मुलाला माणूस काय वाटेल ते कबूल करतो. पण खरं सांगतो, ज्या टोल्याच्या जोरावर मी इतकी वर्षं मान ताठ ठेवून चाललो, तोच टोला मला माझ्या मुलीजवळून उठवून नेणार होता.

मग ती झोपली. किल्ली मुठीत, मूठ गालाखाली. दोन रात्रींची झोप तिला अशी लागली की मला स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटू लागला.

भर दुपारी आपलं घर मी कधी पाहिलंच नव्हतं. रविवारी पाहिलंय, पण रविवारची दुपार वेगळी, ती माणसांची असते. ही दुपार घराची स्वतःची होती. पडद्यातून पिवळा उजेड आत येऊन फरशीवर पडला होता आणि हळूहळू थोरलीच्या चपलांकडे सरकत होता. स्वयंपाकघरात नळाचा एक थेंब बराच विचार करून खाली पडत होता. कपाटावरची बाहुली माझ्याकडे असं बघत होती, की तिच्या रोजच्या वेळात हा कोण परका माणूस येऊन बसलाय. थोरली माझ्या मांडीवर डोकं ठेवून हळू आवाजात एका हत्तीची गोष्ट सांगत होती. त्या हत्तीला नोकरी लागते, पण त्याला खुर्ची मिळत नाही. पुढे काय होतं ते मला कळलं नाही, कारण मधेच ती झोपली आणि पाठोपाठ मीही.

जाग आली तेव्हा खिडकीतून मनोरा पाहिला. चारला दहा कमी. अजून दहा मिनिटं आहेत म्हणून मी पुन्हा डोळे मिटले. पुन्हा जाग आली, तरी चारला दहा कमी. मला फार बरं वाटलं. आयुष्यात कधी तरी वेळ आपल्यासाठी थांबते असं लोक म्हणतात, ती हीच असावी असं समजून मी धाकटीचं पांघरूण सारखं केलं. निरीक्षकाच्या डोक्यात याहून वेगळा विचार यायला हवा होता हे मला मान्य आहे. पण मी रजेवर होतो.

तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा फरशीवरचा उजेड चपला ओलांडून भिंतीवर चढला होता आणि केशरी झाला होता. मनोऱ्यावर चारला दहाच कमी. आता मात्र माझी पाचावर धारण बसली. मी खुंटीवरचा कोट चाचपला. मग धाकटीच्या मुठीकडे पाहिलं.

तेवढ्यात दार लोटून काकू आल्या. "अहो, तुमच्या घड्याळाला काय झालंय? आमचे हे रोज चारच्या टोल्याला चहा मागतात. आज मागेनात. नुसते येरझाऱ्या घालतायत, आणि मी करून दिला तर म्हणतात, अजून वेळ झाली नाही."

मी ओठांवर बोट ठेवलं. काकू तिथेच भिंतीला टेकून बसल्या. मागोमाग अनुभवी आले आणि, माझा अनुभव सांगतो, असं कुजबुजून तेही बसले. अनुभव काय तो सांगितला नाही, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

थोड्या वेळाने कचेरीचा शिपाई आला. त्याच्याकडून बाहेरची हकिकत कळली. पाचचा टोला पडेपर्यंत कचेरीच्या खिडक्या बंद करायच्या नाहीत असा नियम, त्यामुळे खिडक्या उघड्याच होत्या. लोक येत होते आणि करायला दुसरं काही नसल्याने कर्मचारी त्यांची कामं करून देत होते. गावात ही बातमी पसरली तशी रांग रस्त्यापर्यंत गेली होती. "साहेब फार काळजीत आहेत," शिपाई म्हणाला. "असंच चाललं तर उद्याला काही शिल्लकच राहणार नाही म्हणतात." शाळेत चारचा टोला न पडल्यामुळे पेपर चालूच होता. हुशार मुलं तिसरी पुरवणी मागत होती आणि बाकीची पहिल्या पुरवणीवर डोकं ठेवून झोपली होती. म्हणजे माझी बायको तिकडे अडकली होती.

"किल्ली द्या, मी पळत नेतो," शिपाई म्हणाला.

मी मुठीकडे बोट दाखवलं. तो वाकला, बघितलं, आणि चपला हातात घेऊन कोपऱ्यात जाऊन बसला. त्यालाही मुली आहेत.

मग साहेब आले, त्यांच्या मागे धापा टाकत हेडक्लार्क. साहेब आमच्या घरी पहिल्यांदाच येत होते. त्यासाठी बायकोने गेल्या वर्षी पडदे धुऊन ठेवले होते, आणि आज खोलीत औषधाची बाटली, ओल्या पट्ट्या, बिस्किटांचा चुरा आणि भिंतीशी बसलेले शेजारी. माझ्या अंगावरच्या बनियनला खांद्यापाशी भोक होतं. ते झाकायला मी उशी छातीशी धरून उभा राहिलो, आणि निरीक्षकाची प्रतिष्ठा जितकी उशीत राहते तितकी राखली.

"किल्ली कुठे आहे?" साहेब नेहमीच्या आवाजात म्हणाले. खोलीतल्या पाच जणांनी एकदम "शूऽ" केलं. साहेबांना शूऽ करणारं माणूस बहुधा त्यांना बऱ्याच वर्षांत भेटलं नव्हतं. ते दचकले आणि पुढचं कुजबुजून बोलले, "काढून घ्या की हळूच."

"साहेब, तिची झोप मोडली तर..." मी म्हटलं.

"एक सेकंदाचं काम आहे. अख्खं गाव खोळंबलंय." ते स्वतःच पुढे झाले, वाकले आणि दोन बोटांनी किल्लीचं टोक धरलं. धाकटीच्या कपाळावर आठी पडली, ओठ थरथरले आणि मूठ आणखी आवळली गेली. मी साहेबांचा हात धरला. असा हात धरल्यावर नोकरी राहते की जाते याचा विचार मी त्या क्षणी केला नाही. नंतर सवडीने केला.

"सोडा," साहेब म्हणाले. "हा हुकूम आहे."

मी सोडला नाही. आम्ही तिघे तसेच राहिलो, साहेबांची बोटं किल्लीवर, माझी साहेबांवर, आणि धाकटी झोपेत दोघांवर रुसलेली.

तेव्हा मागून हेडक्लार्क खाकरले, अगदी हलकेच. "साहेब, तसं करता येणार नाही."

"का?"

"किल्ली सध्या कुणाच्या हातात आहे?"

"या पोरीच्या."

"निरीक्षकांनी ती तिला जागेपणी, राजीखुशीने दिली?" हे त्यांनी मला विचारलं. मी मान डोलावली. "मग चार्ज तिच्याकडे आहे," हेडक्लार्क म्हणाले. "माझी सही नसल्यामुळे तो अनियमित आहे, पण आहे. आणि झोपलेल्या माणसाकडून चार्ज घेता येत नाही. नियमात 'जागेपणी' शब्द आहे, साहेब. त्यासाठीच घातलाय."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. हेडक्लार्क आपल्या बुटांकडे पाहत होते. आजवर या माणसाच्या नियमांनी माझ्या नाकी नऊ आणले होते. सकाळी त्याच नियमांनी मला मुलींसाठी रजा नाकारली होती. आता तेच नियम घेऊन हा माणूस माझ्या मुलीच्या पलंगापुढे उभा होता आणि बाजूला व्हायला तयार नव्हता. मला त्याला मिठी मारावीशी वाटली. उशी होती म्हणून मारली नाही.

साहेबांनी बोटं काढली. "मग आता?"

"ती उठेपर्यंत थांबायचं," हेडक्लार्क म्हणाले, आणि बूट काढून फरशीवर मांडी घालून बसले. साहेबांना थोरलीचं लाकडी स्टूल मिळालं. त्यावर त्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले.

अशी आम्ही सगळी बसून राहिलो. बाहेर उजेड मावळत गेला आणि मनोऱ्यावर दुपार तशीच राहिली. नळाचा थेंब पडायचा आणि सगळे तिकडे बघायचे. थोरली जागी झाली, एवढी माणसं पाहून तिला नवल वाटलं नाही. तिने साहेबांना हत्तीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. साहेब आधी नाइलाजाने ऐकत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "मग खुर्ची मिळाली का त्याला?" अनुभवींचा डोळा लागला. हेडक्लार्क धाकटीच्या श्वासाबरोबर नकळत मान हलवत होते. इतकी माणसं एकत्र बसून काहीच करत नाहीत असं मी कचेरीतही पाहिलं होतं, पण तिथे ते असं सुंदर दिसत नाही.

बायको आली तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं. वर्गातला शेवटचा कागद संपल्यावर मुलांनी आपण होऊन पेपर दिले होते. ती दारात थांबली, स्टुलावरच्या साहेबांकडे पाहिलं, माझ्या उशीकडे पाहिलं, आणि कुणालाही काहीही न विचारता सरळ पलंगापाशी जाऊन धाकटीच्या मानेखाली हात घातला.

"घाम आलाय," ती म्हणाली. "उशी भिजलीय सगळी." आणि ती खाली बसली, पलंगाच्या कडेला डोकं टेकून. दोन दिवस तिने अवसान आणलं होतं हे मला तेव्हा कळलं. काकूंनी डोळ्याला पदर लावला. शिपाईही नाक ओढू लागला.

त्या हालचालीनेच बहुधा धाकटीने डोळे उघडले. निवांत, स्वच्छ डोळे. तिने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं.

"चार वाजले?"

"नाही," मी म्हटलं. "तू सांगितलं होतंस ना."

हेडक्लार्क गुडघ्यांवर उठून पलंगापाशी आले. "बाळ, आता तू जागी आहेस. किल्ली तुझ्या मनाने ज्याला द्यायची त्याला दे. पण बघ हं, ज्याच्या हातात देशील त्याला मनोऱ्यावर जावं लागेल."

मी हात पुढे केला. इतक्या वर्षांची सवय. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, विचार केला, आणि किल्ली हेडक्लार्कच्या हातात ठेवली.

"बाबा इथे राहणार," ती म्हणाली.

हेडक्लार्कनी साहेबांकडे पाहिलं. साहेब स्टुलावरून उठायच्या खटपटीत होते. "बरं, हुकूम," ते म्हणाले. "मुलगी पूर्ण बरी होईपर्यंत चार्ज तुमच्याकडे." सकाळी ज्या एका वाक्यासाठी मी व्हरांड्यात ताटकळलो होतो ते असं, वाकलेल्या कमरेने, बाहेर पडलं. हेडक्लार्क बूट घालायला लागले. या माणसाने मनोऱ्याची पायरी जन्मात चढलेली नव्हती, आणि गुडघे त्यांचे आधीच कुरकुरत होते. मी त्यांना दारापर्यंत जाऊन सांगितलं, की काटे पुढे नेताना घाई करू नका, मधल्या प्रत्येक तासाचे टोले पुरते पडू द्या, नाहीतर घड्याळ रुसतं.

"नियम आहे का तसा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग ठीक आहे."

सगळे गेल्यावर आम्ही चौघं एकाच पलंगावर दाटीने पडलो. बराच वेळ काही झालं नाही. ते जिना चढत असणार. मग अंधारात मनोऱ्यावरून चारचे टोले पडले. थोरली उठून बसली. धाकटीने माझं बोट घट्ट धरलं.

"चार वाजले, बाबा."

"वाजू दे," मी म्हटलं. "ते आता माझं काम नाही."

मागोमाग पाच पडले, मग सहा, एकेक, न घाबरता, पूर्ण. कचेरीच्या खिडक्या बंद झाल्याचे आवाज आले. समोर काकूंच्या घरात कप वाजले. थोरली मोठ्याने मोजत होती, बायको मनात. सातचा शेवटचा टोला पडला तेव्हा धाकटी पुन्हा झोपली होती, नुसतीच, तापाशिवाय. माझं बोट तिच्या मुठीत तसंच होतं. हात अवघडला होता आणि भूकही लागली होती, पण झोपलेल्या माणसाकडून काही काढून घेता येत नाही.